नानांच्या कोटाची काजं

नानांच्या कोटाला मी पुढून बटणं लावली होती ती नुसती शोभेची. आत टिचबटणं, दाबली की कोट बंद. नानांची बोटं आता त्यांचं ऐकत नव्हती. माप देताना त्यांनीच सांगितलं, "पोरी, दिग्दर्शकाला कळलं तर बापाची भूमिका गेलीच म्हणून समज."

पोरी! माझे केस पिकले, तरी नाना मला माझ्या पहिल्या नाटकापासून हेच म्हणतात. मी तोंडाला कुलूप लावलं.

रंगीत तालमीला कोट हातात घेतला आणि माझं डोकंच फिरलं. टिचबटणं उसवलेली. पुढे काजं पाडलेली, तीही इतकी घट्ट की माझ्या बोटांनाही बटण दाद देईना. दिग्दर्शकाने परस्पर बाहेरच्या शिंप्याकडून करून आणलं होतं.

"तुमच्याकडून राहून गेलं होतं वाटतं," तो उदारपणे म्हणाला. "आता शेवटी बाप एकेक बटण लावेल आणि घर सोडेल. एकदम खरं!"

काय बोलणार? बोलले असते तर नानांचं बिंग फुटलं असतं. गिळला राग.

नाना उभे राहिले. बटण काजापाशी जाई, निसटे. पुन्हा जाई, पुन्हा निसटे. दिग्दर्शकाने टाळी वाजवली. "वा, नाना! काय थरथर आणलीत! परत घ्या. अजून थोडी वाढवा."

नानांनी परत घेतलं. ओठांवर घाम आला होता.

"अजून!"

आता मात्र हद्द झाली. मी कात्री घेऊन सरळ रंगमंचावर गेले आणि पहिलं बटण कापलं. "ही पुन्हा शोभेलाच लावते, आत टिचबटणं!"

"अहो बाई! मला खोटी बटणं चालणार नाहीत!"

"नानांची दाढी खोटी, मागची भिंत खोटी, खिडकीतलं आभाळ खोटं. जगातला सगळा खरेपणा या बटणांतच कोंबायचाय होय?"

विंगेत कुणीतरी फिसकन हसलं.

"ड्रेसवाल्यांनी ड्रेसपुरतं बोलावं."

"तेच तर बोलतेय!"

तो चिडून वळला. "नाना, तुम्हीच सांगा."

नानांनी सावकाश त्याच्याकडे पाहिलं.

"कोट हिनं शिवला होता तसाच घालीन. थरथर म्हणशील, तर ती माझी. हवी तेव्हा, हवी तेवढी करून दाखवतो."

आवाज खणखणीत होता. हात कोटाच्या खिशात होते. खिसे मी चांगले खोल शिवलेत.