उलटा शिक्का

मित्रांनो, माझ्या रबराला भेगा पडल्या आहेत आणि लाकडी मूठ ग्रंथपाल बाईंच्या तळहाताने गुळगुळीत झाली आहे, पण एवढ्यावरून मला मोडीत काढू नका. मी एका हायस्कूलच्या ग्रंथालयातला तारखेचा शिक्का आहे. जुना आहे खरा, पण अजून कामावर आहे.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात दिवस, महिने आणि वर्षे यांचे तीन रबरी पट्टे आहेत आणि ते फिरवायला बाजूला इवलीशी चाके. ग्रंथपाल बाई नोकरीला लागल्या त्याच आठवड्यात मी त्यांच्या टेबलावर आलो. कोणी पुस्तक घरी नेऊ लागले की बाई शेवटचे पान उघडत, मला शाईच्या पॅडवर टेकवत आणि तिथे चिकटवलेल्या कागदावर परतीची तारीख उठवत. मी सरळ आणि ठसठशीत उठत असे. त्याचा मला फार तोरा होता, लपवत नाही.

तो तोरा पहिल्याच वर्षी उतरला. नववीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत खिडकीजवळ बसून एक जाडजूड पुस्तक वाचायची. घरी मात्र न्यायची नाही, कारण घरी रांगता भाऊ होता आणि त्याला पुस्तके फार आवडायची, खायला. दोन महिन्यांनी पुस्तक संपले तेव्हा ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाई, मी नेलं नाही, पण अख्खं वाचलं. मग मला शिक्का नाही का?"

बाईंनी मला उलटे धरले आणि शेवटच्या पानावर ठप्पकन उठवले.

"नेलं तर सुलटा, इथे बसून संपवलं तर उलटा. आजपासून हा आपला कायदा!"

मुलगी उड्या मारत गेली. मी मात्र आठवडाभर गाल फुगवून बसलो. माझी तारीख डोक्यावर उभी, तीही चारचौघांत! पण बाई कायद्याला पक्क्या. पुस्तक इथेच वाचून संपवणारी मुले पुष्कळ निघाली आणि प्रत्येकाला उलटा शिक्का मिळत गेला.

वर्षे गेली. माझा वर्षांचा पट्टा बाईंनी दोनदा बदलून आणला. मग टेबलावर संगणक आला आणि नेलेल्या पुस्तकांची नोंद तोच करू लागला. माझे सुलटे काम गेले. महिनाभर मी खणात स्टेपलरशेजारी पडून होतो आणि मला रडू येत होते. उरले फक्त उलटे काम. ज्याला मी नाक मुरडले होते, त्यानेच मला पुन्हा टेबलावर आणले.

अशी पाच वर्षे झाली आणि शाळेत नवे मुख्याध्यापक आले. एका मंगळवारी ते संगणकाने काढलेली यादी घेऊन ग्रंथालयात शिरले.

"बाई, पाच वर्षांत एकदाही कोणी न नेलेली अकराशे चाळीस पुस्तकं आहेत. शनिवारी रद्दीत द्या. मध्ये भिंत घालू आणि अर्ध्या खोलीत जादाचे बाक ठेवू."

"सर, ही पुस्तकं वाचली जातात."

"मग नोंद का नाही?" सरांनी एक पुस्तक उघडले. "आणि हे काय? सगळे शिक्के उलटे? एवढा निष्काळजीपणा!"

बाईंचे कान लाल झाले, पण त्यांनी शांतपणे आपला कायदा सांगितला. सर थोडे वरमले.

"ठीक आहे. शनिवारपर्यंत मोजून दाखवा. पाच वर्षांतला शिक्का असेल ती राहतील, बाकीची जातील."

सर गेल्यावर ग्रंथालयाच्या शिपाईमामांनी माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली केला. "बाई, शिक्का आपलाच, पॅड आपलंच. चार उलटे जास्त उठवले तर कोणाला कळतंय?"

बाईंनी मला उचलून मामांच्या हातात दिले. "हा सरांच्या टेबलावर ठेवून या. मोजणी संपेपर्यंत मला तो या खोलीत नको."

मला वाईट वाटले. मग विचार केला आणि अभिमान वाटला.

चार दिवस मी सरांच्या टेबलावर होतो. ग्रंथालयातली हकिकत मला मामांकडूनच कळली. मामा स्टुलावर चढून पुस्तके उतरवत, बाई शेवटचे पान बघत. डबा उघडायलाही त्यांना फुरसत नव्हती. "उलटं वाचून वाचून माझी मान वाकडी झाली," असे मामा सरांच्या शिपायाला सांगत होते.

शनिवारी बाई कागद घेऊन आल्या.

"सर, आठशे बारा पुस्तकं इथे बसून वाचली गेली आहेत. तीनशे अठ्ठावीस कोणी वाचली नाहीत. ती देणं माझ्या जिवावर येतं, तरी देते. पण आठशे बारांतलं एकही देणार नाही."

सरांनी कागदावरच्या आकड्यांवरून बोट फिरवले. "एवढी मुलं बसून वाचतात? मला कधी दिसली नाहीत."

"मधल्या सुट्टीत कधी आलात तुम्ही?" असे म्हणून बाईंनी मला उचलले आणि परत ग्रंथालयात नेले.

सोमवारी सर मधल्या सुट्टीत आले. बसायला जागाच नव्हती, तेव्हा त्यांनी उभ्यानेच एक पातळसे पुस्तक चाळले. दुसऱ्या दिवशी ते लवकर आले आणि त्यांना जागा मिळाली. भिंतीचे नाव पुन्हा निघाले नाही. आठव्या दिवशी त्यांचे पुस्तक संपले. पुस्तक फळीवर ठेवून ते दाराकडे निघाले.

"सर," बाई म्हणाल्या, "शिक्का राहिला."

सर मागे फिरले आणि फळीवरून पुस्तक काढून, शेवटचे पान उघडून, नववीतल्या मुलासारखे टेबलापाशी उभे राहिले. बाईंनी मला उलटे धरले. इतक्या वर्षांत मी इतका ठसठशीत कधी उठलो नव्हतो.

मित्रांनो, पुस्तक घरी नेता येत नसेल तर तिथेच बसा आणि पुरे वाचा. पण संपल्यावर गुपचूप फळीवर ठेवून निघून जाऊ नका. टेबलापाशी या, हक्काने शिक्का मागा. ते पुस्तक पुढच्या मुलाला सापडेल की नाही, हे त्यावरच ठरते.