करवतीचा दुसरा काठ

माग गेला, खड्डा राहिला. तांडापेठ या विणकरवस्तीतल्या त्या खोलीत बापूजी अजूनही खड्ड्यात पाय सोडूनच बसत. समोर मात्र सूत नव्हते, भिंत होती. सदर भागातल्या एका हॉटेलाने शोभेसाठी माग नेल्यापासून त्यांचे हात मांडीवर परक्याचे असल्यासारखे पडून असत. शनिवारी अंकुर, त्यांचा मुलगा, त्यांना कायमचे आपल्या घरी, सावनेरला न्यायला येणार होता. भरलेली पिशवी दाराशी होती.

"इथं राहून करू काय मी?" ते लेकीला, दामिनीला, विचारत. त्यांनी जाऊ नये, एवढेच तिला कळत होते.

ती स्पीकर-अँप्लिफायर दुरुस्त करी. सोव्हिएत देशातल्या काही जणांनी फार पूर्वी वाद्याविना आवाज घडवला होता, असे तिने वाचले होते. पुठ्ठ्याच्या चकतीची कड दातेरी कापायची, चकती दिव्यासमोर फिरवायची. दात्यांनी चिरलेला उजेडच, विजेत बदलून, पुढे आवाज होतो. दात्याचा आकार बदलला की आवाजाचा पोत बदलतो. तेव्हापासून एक प्रश्न तिचा पिच्छा सोडत नव्हता: करवतकाठी साडीचा काठ, करवतीसारखे दात साडीच्या अंगात रुतवून बसलेला तो काठ, ऐकू कसा येईल?

टेबलफॅनची मोटार, दिवा, सौरपट्टीचा तुकडा, स्पीकर, सारे जुळले. पहिली चकती तिने स्वतः कापली. खोलीत एक कोरडी, चपटी भुणभुण भरली.

"डास पाळला का वं?" बापूजी म्हणाले.

"मंग तुम्हीच कापून द्या ना. करवत मले कुठं येते?"

"पुठ्ठ्यावर काठ! लोक हासतीन."

"कोन पाहून राहिलं इथं?"

ते कुरकुरले, पण ब्लेड घेतले. दुपारभर खोलीत पुठ्ठा चिरत जाण्याचा बारीक आवाज होता. चकती हाती आली तेव्हा दामिनी चमकली. कडेला दाते होतेच. आत आणखी एक वर्तुळ आखून तसलेच दाते आरपार कोरले होते.

"बाबा, आतमधी काहून कापलं? एकच रांग पाहिजे होती."

"एका काठाची साडी पाहिली का कधी?"

"साडी नोहे ना हे!"

"दोन काठ नसन तं फडकं होते ते."

दुसरी कापा म्हणावे, तर ते हात पुन्हा मांडीवर गेले असते. तिने तीच चकती चढवली. उजेडाची तिरीप दोन्ही रांगांवर पडत होती.

एक नव्हे, दोन स्वर उमटले. वरचा धारदार, त्याच्याखाली एक रुंद, गंभीर स्वर, आणि दोहोंच्या मधे संथ हेलकावा, जणू आवाजच विणला जात होता. पायाखाली मागाच्या पावड्या नव्हत्या, तरी खड्ड्यात बापूजींचे पाय हलले.

"खालून कोन बोलून राहिलं?"

"आतला काठ. वर्तुळ लहान, दाते कमी मावले, म्हनून तो खाली बोलते."

बापूजींनी कागदाच्या पट्टीने आतल्या रांगेवरचा उजेड अडवला. खालचा स्वर विझला. पट्टी काढली, तो परतला. पुन्हा झाकली, पुन्हा काढली. मग ते फिरत्या चकतीवर वाकले.

"आन् पदर?"

"पदराचं काय?"

"काठ तं झाले. पदर कसा वाजन?"

"मले नाही माहीत, बाबा."

"मंग ते पिशवी आन इकडं. माही कात्री त्यातच आहे." जरा थांबून ते म्हणाले, "आन् अंकुरले फोन लाव. येतच आहे तं पुठ्ठा घेऊन ये म्हना. जाड पाहिजे."