लुंबिनीच्या सालची खूण

मी एक जुनी दगडी मोरी आहे. ज्या उन्हाळ्यात मला पुढे सांभाळणाऱ्या मारोतीचा थोरला चुलता झोळीत होता, त्या उन्हाळ्यात मला बांधले. इसवी सन मला ठाऊक नाही. निजामाचे राज्य होते, आणि मारोतीच्या आजीने शेजारच्या बाभळीला झोळी बांधून पोर निजवले होते, एवढे पक्के आठवते. ती दिवसभर डोक्यावरून चुना वाहायची आणि येता-जाता झोळीला एक हात द्यायची.

मित्रांनो, मोरी म्हटले की तुम्हाला न्हाणी आठवेल. मी ती नव्हे. ओढ्याचे पाणी रस्त्याखालून पलीकडे जाऊ देणारा मी एक लहान पूल आहे. लोहा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे ठिकाण. माझ्या कमानीत लोखंडाची एकही सळई नाही. घडीव दगड एकमेकांना रेटून उभे आहेत. वरून जेवढा भार येतो, तेवढे ते घट्ट बसतात. उदगीरकडच्या चन्नबसप्पा नावाच्या गवंड्याने ते रचले. कमानीखालचा लाकडी सांगाडा काढायच्या दिवशी तो स्वतः खाली जाऊन बसला आणि तंबाखू मळू लागला. सांगाडा निघाला. वरून थोडी माती पडली. चन्नबसप्पाने तंबाखूवरची माती फुंकली, चिमूट तोंडात टाकली आणि बाहेर आला. माझी परीक्षा झाली ती एवढीच.

आधी माझ्यावरून बैलगाड्या गेल्या. मग एसटी आली. मग उसाचे ट्रॅक्टर आले, दोन-दोन ट्रॉल्या ओढत. मी कधी कुरकुरले नाही.

मला सांभाळणारा माणूस मारोती. तो मैलकुली होता, म्हणजे ठरलेल्या काही मैलांचा रस्ता त्याच्याकडे असे. खड्डे बुजवायचे, झाडोरा तोडायचा आणि मृग लागायच्या आत माझे तोंड साफ करायचे. हे त्याचे सरकारी काम. आणखी एक काम तो मनाने करी. ओढ्याला मोठे पाणी आले की ते ओसरल्यावर छिन्नी घेऊन माझ्या पोटात शिरायचा आणि पाणी जिथवर चढले तिथे आतल्या भिंतीवर एक आडवी खाच पाडायचा. कोणी सांगितले नव्हते. विचारले तर म्हणायचा, पाणी विसरत नसते, मग आपण का विसरावे.

एका श्रावणात पाणी माझ्या कमानीच्या टोकाला लागले. वरच्या अंगाला मारोतीची वस्ती आहे, बावीस घरांची. त्या दिवशी बावीसही उंबऱ्यांना पाणी टेकले. त्याच दिवशी मारोतीची बायको नागुबाई बाळंत झाली. मुलगी झाली. तिचे नाव लुंबिनी ठेवले. त्या साली मारोतीने पाडलेली खाच सगळ्यांत वरची.

अक्षर मी उशिरा शिकले. लुंबिनी शाळेत जाऊ लागली तेव्हा संध्याकाळी माझ्या कठड्यावर बसून खडूने आकडे काढायची. बाप जवळ फावडे ठेवून बघत बसायचा. चाळिशी ओलांडलेला माणूस मुलीकडून एक-दोन शिकला आणि त्याच्याबरोबर मीही शिकले. त्यानंतरच्या प्रत्येक खाचेशेजारी मारोती साल कोरू लागला. आधीच्या खाचा मात्र बिनसालाच्या राहिल्या.

पुढे मारोती निवृत्त झाला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माझ्या तोंडाशी वेडी बाभळ वाढली. मग एके दिवशी बातमी आली की रस्ता चौपदरी होणार.

मित्रांनो, नवा रस्ता उंच भरावावर असतो. गाड्यांना ते बरे. पण भराव हा पाण्याला बांधच होतो. त्याच्या पोटातून जेवढी वाट ठेवाल, तेवढेच पाणी पलीकडे जाणार. मोजणीवाले वैशाखात आले होते. तेव्हा ओढ्यात शेळ्या बसलेल्या होत्या. त्यांनी माझ्या जागी सिमेंटची एकच नळी आखली, वाकून माणूस जाईल एवढी. वस्तीचा जीव खालीवर झाला. त्यांनी अर्ज केला आणि मनिषा नावाच्या इंजिनिअर बाई स्वतः पाहायला येणार असे ठरले.

साहेब येणार म्हटले की आदल्या दिवशी चुना मारायचा, हे रस्त्यावरच्या माणसांचे जुने वळण. मारोतीही मारायचा, पण आत शिरताना खाचांची पट्टी हातभर मोकळी सोडायचा. नवा मैलकुली भागवत हौशी होता. त्याने मला आतून-बाहेरून पांढरीफटक केली. खाचा चुन्याने भरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मनिषाबाई आल्या. आता शाळेत शिकवणारी लुंबिनी बापाचा हात धरून त्याला माझ्या पोटात घेऊन आली. मारोतीने भिंतीला हात लावला आणि तो थांबला.

"भागवत, काय करून ठेवलंस बाबा हे?"

"मॅडम येणार म्हणून दोन हात मारले, मामा."

"लगीन हाय का मोरीचं?"

मग तो बोटांनी भिंत चाचपू लागला. एक खाच लागली, मग दुसरी. चुना अजून कच्चा होता. लुंबिनीने ओल्या पोत्याने घासले तसे आकडे उघडे पडले. मनिषाबाईंनी टेप लावून एकेक उंची लिहून घेतली. शेवटी त्या वरच्या खाचेशी आल्या. तिथे साल नव्हते.

"हे कधीचं, बाबा?"

"माझी लुंबिनी झाली त्या सालचं."

बाईंनी लुंबिनीला जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, एक जून एकोणीसशे पंच्याऐंशी. बाईंनी तालुक्याच्या पावसाच्या नोंदी सोबत आणल्या होत्या. त्यांनी पंच्याऐंशीचे पान काढले. त्या साली पाऊस जेमतेम. त्यांनी हळूच सांगितले की साल जुळत नाही, आणि न जुळणारी खूण त्यांना कागदावर घेता येणार नाही. खालच्या खाचांसाठी फार तर एका नळीच्या दोन होतील.

मारोतीने वरची खाच पुन्हा चाचपली. आपल्या हातची खूण खोटी ठरते आहे, हे त्याच्या तोंडावर दिसत होते.

तेव्हा माझ्या तोंडाशी उभी असलेली नागुबाई पदर सावरत आत आली.

"जूनात कुठं पूर येतो, बाई? लेकरू श्रावणात झालंय. मला इचारा की. बाळंत मी झाले, का ते गुरुजी?"

मग तिने सगळे सांगितले. तेव्हा वस्तीत कोणाच्या जन्माचा दाखला नसायचा. डोक्यावरून हात टाकून पोराची बोटे पलीकडच्या कानाला लागली की गुरुजी सहा वर्षे धरायचे आणि सगळ्यांना एक जून लावायचे.

"ही लई बारकी. दोन वर्षं परत धाडली, हात कानाला पोचंना. आठवं सरत आलं तवा लागला. गुरुजीनं सहाच लिवलं."

मनिषाबाई हसल्या.

"माझाही एक जूनच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन पाने मागे उलटली. एकोणीसशे त्र्याऐंशी. श्रावणातल्या अतिवृष्टीच्या तीन ओळींवर त्यांचे बोट थांबले. त्यांनी वरच्या खाचेपासून ओढ्याच्या तळापर्यंत पुन्हा टेप लावला. या वेळी टेपचे दुसरे टोक त्यांनी मारोतीच्या हातात दिले.

नळी रद्द झाली. तिच्या जागी काँक्रीटची तीन गाळ्यांची मोठी मोरी झाली. रस्ता थोडा बाजूने गेला आणि मी जुन्या तुकड्यावर राहिले. आता माझ्यावरून शेतात जाणाऱ्या बायका आणि शेळ्या जातात. तिसऱ्या पावसाळ्यात ओढा पुन्हा तसाच आला. नव्या मोरीचे तिन्ही गाळे निम्म्याच्या वर भरून वाहिले. वस्तीचे उंबरे कोरडे राहिले. मारोतीला काँक्रीटवर छिन्नी चालवायची होती, पण हातात जोर नव्हता. लुंबिनीने रंगाने रेघ ओढली आणि शेजारी साल लिहिले. त्याने बोट फिरवून पाहिले. बोटाला काही लागले नाही, तेव्हा तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतले.

मित्रांनो, तुमच्याही वाटेवर माझी एखादी बहीण असेल. लग्नातल्या पत्रावळी आणि प्लास्टिक तिच्या तोंडात टाकू नका. मृगाच्या आधी एकदा वाकून तिच्या पोटात बघा. पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. आणि भिंतीवर खाचा असतील तर त्यांवर चुना मारण्याआधी गावातल्या म्हाताऱ्याला विचारा.

मारोती ९ सप्टेंबर २०२२ रोजी सकाळी वारला. त्या दिवशी ओढ्याला गुडघाभर पाणी होते.