खाचेची परतफेड

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी पट्टी आहे. वय झाले तसा माझा रंग उतरला, पण मनात धरलेला डूख काही उतरला नाही.

एका सुताराने मला तासून, घासून इतके सरळ केले होते की मला त्याचा भारी तोरा होता. मग मी चित्रकार ताईच्या हाती आले. ती रंगीत शाईने केसाएवढ्या बारीक रेघा ओढी, एकीखाली एक. त्यांतूनच चौकोन, त्रिकोण उमटत. एक कागद भरायला महिने लागत. श्वास रोखून रेघ ओढायची आणि लगेच मला फडक्याने पुसायचे, ही तिची रीत. असे लाड कोणाच्या वाट्याला येतात?

तिचा थोरला भाऊ मात्र सदा नाक मुरडी. "रेघोट्या ओढून कुणाचं पोट भरलंय?" असे म्हणत एकदा त्याने मला हिसकावले आणि भिंतीवर भिरकावले. माझ्या एका कडेचा टवका उडाला. दुसऱ्या दिवशी ताईने माझी चांगली कड सोडून मुद्दाम ती फुटकी कडच कागदावर धरली. निब खाचेत उतरे, बाहेर येई. प्रत्येक रेघेला तशीच खळी पडे आणि शेकडो खळ्यांची मिळून कागदावर लाट उठे. तशीच चित्रे ती पुढे दहा वर्षे काढत राहिली.

लोक ती पाहून थबकू लागले, तेव्हा दादाला एकदम पुळका आला. "चौकटी करून आणतो," म्हणत तो सगळी चित्रे घेऊन गेला आणि स्वतःच्या नावाची पाटी लावून त्याने प्रदर्शन मांडले. ताईची दहा वर्षे त्याने सरळ खिशात घातली!

ताई मला घेऊन तिथे गेली. भरल्या दालनात म्हणाली, "दादा, तुझी चित्रं ना ही? मग ही पट्टी घे आणि यातली एक रेघ काढून दाखव."

"त्यात काय एवढं!" त्याने हसत मला उचलले. मला फेकल्याचे तो साफ विसरला होता. त्याने माझी चांगली कड धरली आणि झोकात रेघ ओढली. सरळसोट!

ताईने मला उलटून चित्रावर टेकवले. खळी माझ्या खाचेत चपखल बसली. खालच्या रेघेवर सरकवले, तिथेही बसली.

"आता खाच कुणी पाडली, तेही सांग सगळ्यांना," ती म्हणाली.

दादाचे तोंड काळेठिक्कर पडले. दालनाच्या मालकाने त्याच्या नावाची पाटी उतरवली. खोटे कशाला बोलू, मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. आपटलेत तर आम्ही ओरडणार नाही. खूण तेवढी जपून ठेवू.