लिटरला दोन बुचं

आजवर माझ्या हातून चारशे सतरा इंजिनं दुरुस्त झाली आणि त्यातलं एकही इंजिन तक्रार घेऊन परत आलं नाही. माणसं आली, पण माणसांचं काय, ती कुठेही येतात. त्यामुळे पुढे सांगतो त्यात माझी चूक किती आणि बाकीच्यांची किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझा वाटा अर्ध्याच्या खाली आणायचा प्रयत्न करणार आहे, एवढं आधीच कबूल करतो.

भाची माझी, सख्ख्या बहिणीची मुलगी. टपाल कचेरीत तीन वर्षं ती बदली म्हणून राबत होती. कोणी आजारी पडलं की हिला बोलावणं, तो बरा झाला की हिला नमस्कार. त्यात डोंगरावरच्या वस्तीचा टपालवाला निवृत्त झाला आणि ती जागा मोकळी झाली. साहेबाने अट घातली. स्वतःच्या वाहनावर टपालाची पिशवी घेऊन वर जायचं, वरच्या दुकानदाराकडून वहीवर शिक्का घ्यायचा आणि तासाच्या आत कचेरीच्या अंगणात परत यायचं. जमलं तर जागा कायमची. नाही जमलं तर दुसरा उमेदवार तयार, आणि हिला दूरच्या शहरात, पत्रं निवडायच्या कामाला जावं लागणार. महिन्यातून एकदा घरी. घरात चार वर्षांची मुलगी, आईचं बोट मुठीत धरल्याशिवाय डोळा न मिटणारी.

वाहन म्हणजे साधी सायकल, तिच्या दांड्यांच्या मधल्या तिकोनात बसवलेलं दोन मुठींएवढं टू-स्ट्रोक इंजिन. घरात सगळे तिला भुणभुणी म्हणत. असल्या इंजिनाला तेल वेगळं घालायची सोय नसते. पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला तेलाच्या बाटलीची दोन बुचं. टाकी दोन लिटरची, म्हणजे चार बुचं. ती चार बुचं भाचीने आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने मोजून घातली होती. ती मोजण्यात कधी चुकत नाही. आमच्या घराण्यात हा गुण कुठून आला कोण जाणे.

परीक्षा सकाळी आठला. साडेसहाला भाची माझ्या दुकानापुढे आली ती धुराच्या ढगात बसून. धूर इतका, की तारेवरचे दोन कावळे खोकत खोकत खाली उतरले आणि पायी निघून गेले. मागोमाग तिचा नवरा, आमचे जावईबापू आले, गळ्यात मोजपट्टी तशीच, कारण शिंपी माणूस घाईत फक्त मोजपट्टी विसरत नाही. त्यांच्या मागे त्यांच्या आई, आमच्या विहीणबाई, कडेवर नात.

मी प्लग काढला. काळाकुट्ट आणि ओला. म्हटलं, पेट्रोल जास्त जातंय, दुसरं काय असणार. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात तिथे, एक पितळेची सुई असते, तिला पाच खाचा आणि एका खाचेत अडकवलेली एक इवलीशी क्लिप. क्लिप वरच्या खाचेत सरकवली की सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी जातं. खालच्या खाचेत घातली की सुई उचलली जाते, पेट्रोल वाढतं. क्लिप मधोमध होती. मी ती उचलून थेट सगळ्यात वरच्या खाचेत नेली.

भाची शेजारी उकिडवी बसून बघत होती. दोन वर्षं माझ्याच हाताखाली ती हे सगळं शिकली होती. ती हळूच म्हणाली, "मामा, धूर निळा आहे. पेट्रोल जास्त झालं की काळा येतो ना?"

आता, निळा धूर तेलाचा, हे मीच तिला शिकवलेलं. पण समोर जावई, बाजूला विहीणबाई, आणि भिंतीवर सात वाजत आलेले. मी म्हणालो, "तू मला धूर शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून मी धुरात बसलोय."

तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पाना माझ्या हातात दिला. मी कार्बोरेटर बंद केला, प्लग पुसून लावला, भुणभुणी स्टँडवर चढवली आणि वेगाची मूठ पूर्ण पिळली. इंजिन गाऊ लागलं. बारीक, स्वच्छ, एकसुरी, ऐकत राहावं असं. जावईबापूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. विहीणबाई म्हणाल्या की तुमच्या हातून गोड म्हणावं असं काहीतरी निघालेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि सांगताना अजून घाम फुटतो. टू-स्ट्रोक इंजिन मोकळं असताना, पूर्ण मूठ पिळल्यावर, गोड गाता कामा नये. त्याने थोडं गुरगुरावं, अडखळावं. त्या अडखळण्यातलं जादा पेट्रोल पिस्टनला थंड ठेवतं. चढावर ओझं पडलं की गुरगुर निघून जाते आणि आवाज नीट होतो. जे अंगणातच गोड गातं ते चढावर तापतं आणि तापता तापता जाम होतं. हे मी तीस वर्षं जगाला सांगत आलो. पण पाठीवर थाप पडली की माझे कान बंद होतात, हा जन्माचा दोष. त्यावर कहर म्हणजे, भाची पिशवीसाठी मागे दोरी बांधत होती तेव्हा मी तिच्या टाकीत गुपचूप एक बूच तेल जास्त घातलं. म्हटलं, चढ मोठा आहे, पोरीच्या इंजिनाला काही कमी पडायला नको.

आठला आम्ही सगळे कचेरीच्या अंगणात. साहेब किडकिडीत, ओठ सतत ओलावणारा, जणू दिवसभर तिकिटं चाटूनच चिकटवतो. त्याने खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मान हलवली. भाची पायडल मारत सुटली, क्लच सोडला, इंजिनाने पकड घेतली, आणि ती गेली.

डोंगराच्या रस्त्याला सात वळणं. वस्ती अंगणातून दिसत नाही, रस्ताही झाडांत लपतो, पण आवाज येतो, वळणागणिक. आम्ही डोळे डोंगराकडे लावून कानांनी बघत होतो. पहिलं वळण, दुसरं वळण. आवाज गोडच. अंगणातले लोक एकमेकांकडे बघून मान डोलवत होते. एक कारकून म्हणाला की शिवणयंत्र पण एवढं मऊ चालत नाही, आणि जावईबापूंना ते लागलं.

तिसऱ्या वळणाला माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आवाज गोड होता, पण चढावर गुरगुर जाऊन जेवढा नीट व्हावा त्याच्याही पलीकडे गेला होता. बारीक होत होता, ताणलेल्या तारेसारखा. बोलून काय, ती वर आणि मी खाली.

विहीणबाईंनी माझा चेहरा बघितला. त्या माझा चेहरा पोरीचं लग्न ठरल्यापासून फक्त दोष शोधायला बघत आल्यात, त्यामुळे त्यांना तो चांगला वाचता येतो. काय झालं, विचारलं. मी म्हणालो, तापतंय.

तर त्या म्हणाल्या, तापायचा काही संबंध नाही, तेल भरपूर आहे. कसं भरपूर, मी विचारलं. तेव्हा त्यांनी नातीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि सांगितलं की पहाटे उठून त्यांनीच दोन बुचं जास्त घातली होती. सुनेचं इंजिन कोरडं राहू नये म्हणून. जावईबापू एकदम खोकले. त्यांनी रात्री झोपण्याआधी दोन बुचं घातली होती. त्यांनाही बायकोचं इंजिन कोरडं राहू द्यायचं नव्हतं.

मी बोटांवर हिशेब केला. तिची चार, नवऱ्याची दोन, सासूची दोन, माझं एक. चाराच्या जागी नऊ. आणि हे प्रेम कसं मारतं तेही सांगतो. सुईच्या बाजूने जाणारी वाट तेवढीच असते. तिच्यातून जे जातं त्यात तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं. म्हणजे तेलाने पेट्रोल आधीच कमी केलेलं, त्यात धूर बघून मी सुई दाबून उरलंसुरलं कमी केलं. तिघांनी मिळून पोरीचा गळा आवळला होता, तोही माया करत.

"आणि तुम्ही?" विहीणबाईंनी विचारलं.

एक बूच, मी म्हणालो. एकच.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते बूच मला पिंपाएवढं वाटायला लागलं.

चौथ्या वळणावर आवाज तुटला. खडखड नाही, फटका नाही, नुसता थांबला. जाम झालेलं इंजिनही असंच थांबतं. अंगणातला डोलणारा कारकून आत निघून गेला. जावईबापूंनी मोजपट्टी हाताभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. साहेबाने घड्याळ पाहिलं आणि बारा मिनिटं, असं कोणालाच न उद्देशता म्हणाला. नातीने आजीला विचारलं की आई आता मोठ्या गावाला जाणार का. विहीणबाई मला टोमणा मारायला कधी चुकत नाहीत. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

चौदा. सोळा. मी चालत निघालो तर चौथं वळण अर्ध्या तासावर. तरी निघालो. फाटकाशी साहेबाने हटकलं की मदत करणारा माणूस वर पोहोचला तर परीक्षा बाद. मी परत फिरलो. अठरा. एकवीस.

एकविसाव्या मिनिटाला डोंगरात काहीतरी भुंकलं. मग गुरगुरलं. अडखळलं, पुन्हा गुरगुरलं. कर्कश, ओबडधोबड, घसा बसलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज. आत गेलेला कारकून दारात येऊन म्हणाला की बिघडलं वाटतं. मी तिथल्या पायरीवर मटकन बसलो आणि माझ्या डोळ्यांत धूर गेला. धूर नव्हता, पण गेला. तो आवाज बिघडलेला नव्हता. तो आवाज मी सकाळी ऐकायला हवा होता.

पाचवं वळण. सहावं, तिथे गुरगुर निवळली, ओझ्याखाली आवाज नीट झाला. सातवं. मग वस्ती, मग काही नाही.

आता नऊ मिनिटं गेलेली भरून कशी काढणार, हाच एक प्रश्न. अडतीस झाली, चाळीस झाली. उतारावरून येतानाचा आवाज आम्ही ऐकू बघत होतो आणि तो येत नव्हता. पन्नास. जावईबापू विचारायला लागले की वर पोहोचली तर आवाज का नाही. चोपन्न. साहेबाने वही उघडून लेखणी हातात घेतली. सत्तावन्न. अंगणात बांधलेल्या टांग्याच्या घोड्यालासुद्धा कळलं असावं, तोही शेपूट हलवायचा थांबला.

आणि फाटकातून सायकल आत आली. नुसती सायकल, बिनआवाजाची. क्लच दाबलेला, इंजिन बंद, उतारावरून वाऱ्यासारखी सोडलेली. भाचीचे केस सगळे मागे, चेहऱ्यावर तेलकट बोटांचे ठसे, तळहाताला भाजल्याचा लाल पट्टा. तिने वही साहेबापुढे ठेवली. शिक्का होता. घड्याळात एकोणसाठ झाली होती.

साहेबाने शिक्का पाहिला, सायकल पाहिली, बंद इंजिनावर बोट ठेवलं. म्हणाला, "वाहन वर जाईपर्यंत चालायला हवं, एवढंच नाही. उद्याही चालायला हवं. सुरू करून दाखव."

पिस्टन जाम झाला असता तर क्लच सोडल्यावर मागचं चाक जागचं हललं नसतं. भाचीने पायडल मारलं. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, क्लच सोडला, चाक खरडलं, एकदा भप्प झालं, दुसऱ्यांदा भप्प झालं, आणि भुणभुणी गुरगुरत, अडखळत, शिव्या दिल्यासारखी सुरू झाली. साहेबाने ओठ ओलावले आणि वहीत कायम असा शब्द लिहिला. आम्हाला तो उलटा दिसत होता तरी वाचता आला.

मग तिने सांगितलं. चौथ्या वळणाला इंजिन ओढेनासं झालं, तापल्याचा वास आला, पिस्टन जाम व्हायच्या आधीच तिने मूठ सोडून क्लच दाबला. थांबून कार्बोरेटर उघडला, क्लिप वरच्या खाचेतून काढून सगळ्यात खालच्या खाचेत घातली आणि इंजिन हाताला सोसवेल इतकं निवेपर्यंत बसून राहिली. बसून राहणं सगळ्यात अवघड गेलं, म्हणाली. परतीच्या उतारावर, मूठ बंद ठेवून धावत्या इंजिनाला पेट्रोल नाही, म्हणजे त्यातलं तेलही मिळत नाही, म्हणून बंदच करून टाकलं.

"पण मामा, टाकीतलं पेट्रोल बोटांना पाकासारखं चिकटत होतं," ती म्हणाली. "कोणी घातलं एवढं तेल?"

जावईबापूंना एकाएकी मोजपट्टीवरचे आकडे वाचायची गरज पडली. विहीणबाई नातीच्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या, आणि त्या बुटांना नाडी नव्हती. मी मोकळेपणाने, छातीवर हात ठेवून सांगितलं की माझं एक बूच होतं. फक्त एक.

"आणि सुई?"

सुई माझी, म्हणालो. सगळी माझी.

मग भाजलेला हात फडक्यात गुंडाळून घेत तिने सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं की आजपासून या टाकीचं झाकण तिच्याशिवाय कोणी उघडायचं नाही, आणि कार्बोरेटर मामांनी बघितला तर चालेल, हात लावायचा नाही. विहीणबाईंनी लगेच मान डोलावली, माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन वर जायच्या आधी दुकानात आली. टाकी रिकामी केली, नवं पेट्रोल, चार बुचं, क्लिप मधल्या खाचेत, मूठ पूर्ण पिळून कान लावला. मी पाना धरून उभा होतो. थोडं गुरगुरतंय का, तिने विचारलं. मी म्हणालो, गुरगुरतंय. तरी तिने स्वतःचा कान आणखी जवळ नेला.