चौदाव्या कोठडीतली खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. मित्रांनो, खाट म्हटले की तुम्हाला उशी, पांघरूण आणि आईचा हात आठवत असेल. माझ्या नशिबी यातले काहीच नव्हते. मी तुरुंगात जन्मले आणि तुरुंगातच म्हातारी झाले.

आमचे गाव राज्याची राजधानी खरे, पण एवढेसे. एका टेकडीवर विधानभवनाचा घुमट, दुसरीवर तुरुंगाच्या भिंती, खाली गढूळ पाण्याची नदी. तुरुंगाच्याच कारखान्यात कैद्यांनी मला घडवले. ज्यांनी माझे पाय ठोकले, त्यांतलेच काही पुढे माझ्यावर झोपले. ओझे वाहणे हा देवाने मला नेमून दिलेला धर्म. पाठीवरचा माणूस चोर आहे की खुनी, हे खाटेने विचारायचे नसते.

चौदाव्या कोठडीत माणसे दोन आणि खाट एक. आधी आला त्याची खाट, नंतरच्याची फरशी, असा तिथला रिवाज होता. ऑर्विल टेट आधी आला. कुणाची तरी मोटार पळवली म्हणून आलेला, मिसरूड फुटलेला पोरगा. मागून एझरा मूडी आला. तो म्हातारा होता आणि रात्रभर खोकायचा.

"ऊठ म्हाताऱ्या, वर झोप," ऑर्विल म्हणाला.

"खाट तुझी आहे रे. तू आधी आलास."

"माझी आहे ना? मग तिच्यावर कुणी झोपायचं ते मी ठरवणार. तुझ्या खोकल्यानं तशीही झोप येत नाही. निदान वरून तरी खोक!"

त्या हिवाळ्यात फरशीला दहिवर सुटायचे. ऑर्विल तिच्यावरच झोपला. एझराचा खोकला बरा झाला आणि पोराच्या छातीत कफ भरला. एझराने गजांवर थाळी आपटून पहारेकऱ्याला बोलावले. पहारेकरी म्हणाला, "डॉक्टर सोमवारी येतो. आजारी पडायचं तर सोमवारी पडावं!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत निघून गेला.

एझराने पोराला उचलून माझ्यावर ठेवले. रविवारी सकाळी गावातल्या चर्चच्या घंटा वाजत होत्या, तेव्हा म्हाताऱ्याच्या मांडीवर डोके ठेवून ऑर्विल गेला. त्याचे ओझे मला फार हलके वाटले.

पुढे तुरुंग बंद झाला. गावाचीही रया गेली. बुटांचा कारखाना बंद पडला, दुकानांना फळ्या ठोकल्या गेल्या. माझ्या अंगाखांद्यावर कबुतरे नांदू लागली. मित्रांनो, खरे सांगते, ते माझे सुखाचे दिवस होते.

मग गावाने कात टाकली. रस्त्यांना विटांची फरसबंदी आली, दिव्यांच्या खांबांवर फुलांच्या परड्या लटकल्या, जुन्या स्टेशनात खाणावळ निघाली. पाहुणे येऊ लागले. पण घुमट पाहून, आइस्क्रीम खाऊन ते दुपारीच परत जात. त्यांना संध्याकाळपर्यंत थोपवून धरायचे म्हणून वारसा समितीने तुरुंग उघडला. समितीच्या अध्यक्षा मर्ना हॅस्लेट जातीने देखरेख करीत. त्यांनी माझा गंज खरवडून काढला आणि वरून गंजासारखा दिसणारा रंग दिला. खरा गंज, म्हणे, पुरेसा जुना दिसत नव्हता.

गाव दाखवणारे प्रूइट पहारेकऱ्याचा गणवेश घालून पाहुण्यांना आणू लागले. आवाज खाली आणून ते म्हणत, "हाच तो गळाघोट्या टेट! याच खाटेवर त्यानं चादरीनं म्हाताऱ्याचा गळा आवळला. अजून रात्री येतो तो!" पाहुणे किंचाळत. मग माझ्यावर आडवे होऊन, गळ्याभोवती चादर गुंडाळून, जीभ बाहेर काढून फोटो घेत. हे सगळे मला निमूटपणे सोसावे लागे. देवाने मला पाठ दिली, वाचा दिली नाही.

एका शनिवारी निळी टोपी घातलेली एक वृद्ध बाई त्या घोळक्यात होती. सगळे पांगल्यावर तिने हॅस्लेटबाईंचा दंड धरला.

"बाई, मी लुरीन. ऑर्विल माझा भाऊ. त्यानं कुणाचा गळा नाही हो दाबला. एझरा सुटल्यावर आमच्या घरी आला होता. स्वयंपाकघरात बसून लेकरासारखा रडला. म्हणाला, तुमच्या पोरानं मला खाट दिली आणि स्वतः गेला."

"अगंबाई, किती छान!" हॅस्लेटबाई मायेने म्हणाल्या. "पण लुरीनबाई, चांगल्या माणसाचं भूत बघायला कोण येणार हो?"

"मग नाव तरी बदला. मी आता किती दिवसांची? माझ्यामागं त्याला ओळखणारं कुणी नाही. तुम्ही सांगाल तेच राहील."

"नाव बाहेर भिंतीवर रंगवून झालंय. विकायच्या सदऱ्यांवरही छापलंय. आता कसं बदलणार?"

पुढच्या शनिवारी लुरीन तिकीट काढून आली. प्रूइटनी चादर उचलताच ती घोळक्यातून पुढे आली, माझ्यावर हात ठेवला आणि सगळे खरे सांगितले. सांगता सांगता तिला हुंदका आवरेना. मग मागे कुणीतरी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी वाजवल्या.

"काय काम करते म्हातारी!"

"खरीच बहीण वाटते की!"

"मी खरीच बहीण आहे हो," लुरीन म्हणाली. टाळ्या आणखी वाढल्या.

हॅस्लेटबाईंना आनंद मावेना. "तुम्ही दर शनिवारी या. हवं ते बोला, कुणी अडवणार नाही." प्रूइट म्हणाले, "फक्त आजी, रडू जरा लवकर येऊ द्या. मागच्यांचा धीर सुटतो."

मला वाटले, ही आता इथे पाऊल टाकणार नाही. पण ती आली. कुणी येण्याआधी माझ्यापाशी उभी राहून हळूच पुटपुटली, "समजू दे त्यांना नाटक. आठवड्यातून एकदा तरी त्याचं नाव कुणी चांगल्या तोंडानं घेईल." त्यानंतर दर शनिवारी ती येत राहिली.

एके दिवशी बोलणे संपवून ती बाहेर पडली आणि दम लागला म्हणून दाराआडच थांबली. प्रूइटना ते ठाऊक नव्हते. पाहुण्यांकडे वाकून ते नेहमीप्रमाणे म्हणाले, "बिचारी बहीण! भाऊ खुनी आहे हे तिला शेवटपर्यंत पटलंच नाही!" पाहुणे चुकचुकले. मला दारातून निळ्या टोपीची कड दिसत होती. मग ती हळूच मागे सरली. म्हणजे इतके दिवस तिच्या तोंडचे सत्य हे लोक खोट्याला फोडणी म्हणून घालत होते.

नंतर ती आली नाही. हिवाळा सरण्याआधीच तिला पुरल्याचे प्रूइटनी हॅस्लेटबाईंना सांगितले. "अरेरे," त्या म्हणाल्या, "आता शनिवारचं काय करायचं?"

आता एक नटी येते. तिची टोपीही निळीच आहे आणि रडू वेळेवर येते. प्रवेशाच्या शेवटी ती माझ्यावर कोसळून ओरडते, "मला ठाऊक होतं! त्यानंच मारलं!" पहिल्यांदा तिने हे म्हटले, तेव्हा माझी एक जुनी स्प्रिंग तुटून किंचाळली. माझ्याकडून निघालेला निषेधाचा तो एकच शब्द. पाहुणे आनंदाने ओरडले, "भूत! भूत आलं!" आता प्रूइट ती स्प्रिंग दुरुस्त करू देत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला फार जपतात. तेल देतात, माझ्यावर दिव्याचा झोत सोडतात. माझ्यावर जो मेला, त्याला मात्र कुणी जपले नाही. कधी आमच्या राजधानीत आलात तर घुमट पाहा, आइस्क्रीम खा. चौदाव्या कोठडीत आलात तर क्षणभर डोळे मिटा आणि मनात एवढेच म्हणा, की ऑर्विल टेटने एका आजारी म्हाताऱ्याला आपली खाट दिली होती.

आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका.