ओठांजवळचा दिवा

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे, पण आकार पाहाल तर करंगळीच्या नखाएवढा. मी कधी घर उजळले नाही की रस्ता. मी राहायचो एका वैमानिक बाईंच्या ओठांजवळ, त्यांच्या हेडफोनच्या माइकला चिकटून. जिभेचे टोक लागले की मी पेटायचो, पुन्हा लागले की विझायचो. माझा उजेड मुद्दामच मंद ठेवला होता. अंधाराला सरावलेले डोळे दिपले, तर वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नाही.

माझा जन्म बाईंच्या वडिलांच्या टेबलावर झाला. ते रेडिओ दुरुस्त करायचे. रात्री नकाशा वाचताना आपली लेक टॉर्च दातांत धरते आणि मग खालच्या नियंत्रण कक्षाला नुसते "ऊं, ऊं" ऐकू येते, हे कळल्यावर त्यांनी मला घडवायला घेतले. पहिल्याच खेपेला माझी फजिती झाली. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, आणि मिटले की माझे बटण दाबले जाई.

"अहो बाबा, तुम्हाला हाक मारली की हा पेटतो आणि लगेच विझतो!" लेक हसत सुटली.

"मग विमानात माझं नाव काढू नकोस," असे म्हणत त्यांनी बटण केसभर पुढे सरकवले.

पुढे कितीतरी वर्षे आम्ही आजारी माणसांना मोठ्या दवाखान्यात पोहोचवले. वारा विमानाला झोडपत असायचा, बाईंचे दोन्ही हात गुंतलेले असायचे, आणि मी उंचीचा काटा दाखवायचो. "हा माझा तिसरा हात," असे त्या चारचौघांत सांगायच्या. मी तेव्हा अगदी फुशारून जायचो.

मग बहुतेक काट्यांच्या जागी झळझळीत पडदे असलेले नवे विमान आले. गरज सरो, वैद्य मरो! बाईंनी मला बॅगेच्या कप्प्यात टाकले. सेल माझ्या पोटात तसाच राहिला. वडीलही तोवर गेले होते. आठवणीने मला उघडून पाहणारे कुणी उरले नाही.

एका रात्री विमानात एक तान्हे बाळ होते, सोबत नर्स आणि बाळाचे वडील. वाटेत सगळे पडदे विझले. उरले तीन जुने काटे, पण त्यांना स्वतःचा उजेड नव्हता. बाईंनी चाचपडत मला काढले आणि माइकला लावले. जीभ लागली. पुन्हा लागली. मी पेटलो नाही. सेल पाझरून माझ्या तारा केव्हाच कुजल्या होत्या.

बाईंना नियंत्रण कक्षाशी सतत बोलायचे होते, त्यामुळे टॉर्च दातांत धरणे शक्य नव्हते. नर्सचे दोन्ही हात बाळाला श्वास देण्यात अडकलेले.

"दादा, बॅगेत टॉर्च आहे. या काट्यांवर धरा," बाई म्हणाल्या.

बाळाकडे पाठ करून बाप टॉर्च धरून बसला. थोड्या वेळाने नर्स म्हणाली, "अहो, डोळे उघडले बघा बाळाने! तुमच्याकडेच बघतंय!"

बाप वळू लागला. उजेड काट्यांवरून सरकला.

"वळू नका, दादा!" बाई ओरडल्या.

तो वळला नाही.

विमान सुखरूप उतरले. बाळाने मात्र पहाटे दवाखान्यात प्राण सोडला. डोळे त्याने पुन्हा उघडलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माझ्या पोटातली हिरवट भुकटी खरवडून काढली. "तुझा काय दोष?" त्या म्हणाल्या. "एक सेल काढून ठेवायला मला जड झालं होतं का?" आणि त्या रडल्या.

मित्रांनो, नवे आले की जुने बाजूला पडणारच, त्याचा मला राग नाही. पण ठेवताना सेल काढून ठेवा, मधूनमधून लावून बघा. बाळाला वाचवणे माझ्या हातात नव्हते. काट्यांवर उजेड धरणे मात्र माझे काम होते, आणि ते त्या बापाला करावे लागले. त्याला एकदाच मागे वळून बघायचे होते.